गरोदरपणातील ताणाचे दुखणे : समज आणि सांभाळ

(वर्षावासानिमित्त खालापूर येथे झालेल्या महिला मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)





आजचा विषय ऐकून काहींना हसू आले असेल. बँकेत नोटा मोजणारा माणूस, बी.ए. झालेला, तो बायकांच्या दुखण्यावर काय बोलणार? शंका रास्त आहे. मी डॉक्टर नाही. पण या दुखण्याने माझ्या घरात एकदा उगाच घाबरवले आणि एकदा फसवले. म्हणून उभा आहे.

माझी पत्नी पहिलटकरीण होती. पाचव्या महिन्यात एके सकाळी अंथरुणातून उठताना उजव्या जांघेजवळ अशी कळ आली की ती तिथेच बसली. मी धावतपळत तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी तपासले आणि शांतपणे समजावून सांगितले. गर्भाशय एरवी पेरूएवढे असते, वजन साठ-सत्तर ग्रॅम. दिवस भरेपर्यंत तेच सुमारे एक किलोचे होते, बाळाचे वजन वेगळे. त्याला दोन्ही बाजूंनी जांघेपर्यंत दोरीसारखे अस्थिबंध धरून असतात. पिशवी वाढते तसे ते ताणतात. आम्ही बँकेत नोटांच्या बंडलाला रबर लावतो. हळू ताणले तर ते मुकाट ताणते, झटका दिला तर बोटाला चटका देते. इथेही तसेच. झटकन उठणे, कूस बदलणे, शिंकणे, खोकणे, हसणे यांनी कळ येते आणि थोड्या वेळात जाते. साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात ती अधिक जाणवते. गर्भाशय बहुधा उजवीकडे किंचित वळते, म्हणून उजवीकडे जास्त. याने बाळाला अपाय होत नाही.

उपाय साधे आहेत, पैसे लागत नाहीत. उठताना आधी कुशीवर वळावे, हाताचा आधार घ्यावा, मग बसावे, मग उभे राहावे. शिंक किंवा खोकला येतोय असे वाटताच कमरेतून थोडे पुढे वाकावे. कळ आली की काम थांबवून कुशीवर पडावे, गुडघ्यांमध्ये उशी किंवा घडी केलेली गोधडी ठेवावी. कोमट कपड्याने शेकावे, कडक शेक नको. चालताना ओटीपोटाखालून मऊ कपड्याचा सैलसर आधार घ्यावा, आवळून बांधू नये. पोट चोळून घेऊ नये. दुकानातून दुखीची गोळी आणून मनाने घेऊ नये. काही गोळ्या या काळात घातक असतात.

आता दुसरी गोष्ट. ती सांगताना आजही जड जाते.

काही वर्षांनी माझी धाकटी बहीण सातव्या महिन्यात होती. भात लावणीचे दिवस, घरात माणूस कमी. दिवसभर चिखलात वाकून ती आली आणि पोट दुखते म्हणाली. आई म्हणाली, "पोट ताणतंय, सगळ्यांनाच होतं." मीही मोठ्या शहाणपणाने तेच सांगितले. माझ्या बायकोचे तसेच निघाले होते ना! पण हे दुखणे तसे नव्हते. ते लाटेसारखे येत होते, पोट कडक होऊन सैल पडत होते, पडून राहिले तरी थांबत नव्हते. कुणी घड्याळ पाहिले नाही. दुसऱ्या रात्री पाणी गेले. बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मले आणि वाचले नाही. वेळेवर नेले असते तर ते वाचले असते की नाही, हे मला सांगता येणार नाही. पण नेले नाही, हे खरे आहे. अर्धवट ज्ञान अज्ञानाहून वाईट, ते असे.

म्हणून ओळख पक्की करा. ताणाची कळ हालचालीने येते आणि विश्रांतीने जाते. दुखणे थांबेना, ठरावीक अंतराने पोट कडक होऊ लागले, रक्त किंवा पाणी गेले, ताप-थंडी भरली, लघवीला जळजळ झाली, उलट्या थांबेनात, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट पाहू नका. पहिल्या तीन महिन्यांत एका बाजूला जोराचे दुखून चक्कर आली तरी थांबू नका. गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. आपल्या वाड्या-पाड्यांतून पावसात रस्ता कठीण, म्हणून निर्णय लवकर हवा. १०८ किंवा १०२ क्रमांकाला फोन करा, आशाताईंना उठवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी असते. २०१६ पासूनची ही सोय चुकवू नका.

बांधवांनो, आता दोन शब्द खास आपल्याला. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या समाजाच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे १९६१ साली देशभरासाठी कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. माझ्या बँकेतल्या भगिनींना ती मिळते. पण लावणीला जाणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या, घरचा हंडा वाहणाऱ्या आपल्या लेकी-सुनांना रजा कोण देणार? ती घरानेच द्यायची आहे. हंडा आपण उचलायचा, चूल एक वेळ आपण पेटवायची. आणि ती "दुखतंय" म्हणाली, तर आधी विचारायचे : कुठे, कधीपासून, आडवे झाल्यावर थांबते का?

हे तीन प्रश्न त्या दिवशी मी माझ्या बहिणीला विचारले नाहीत. तुम्ही विचारा, एवढीच विनंती करून मी थांबतो.

जय भीम.