आपला बँड

आम्ही अंतरवाली सराटीच्या बाया, बचत गटातल्या. आमच्या गावाचं नाव २०२३ साली आरक्षणाच्या उपोषणामुळं राज्यभर झालं. आज मात्र आम्ही वेगळ्याच गोष्टीवर बोलणार आहोत. लग्नात वाजणाऱ्या बँडवर.

डीजे यायच्या आधी आमच्याकडं लग्न म्हटलं की बँड ठरलेला असायचा. आठ-दहा जणांचा ताफा. त्यात कुणी मजुरी करणारे, कुणी अंबडला कॉलेजात जाणारी पोरं. लग्नसराईत वाजवायचं आणि त्यातून फी-पुस्तकांचा खर्च काढायचा. पुढं बँजो, मागं ढोल, ताशा, हलगी आणि खुळखुळा. ताफ्याला छापील नाव होतं, पण आम्ही त्याला 'आपला बँड'च म्हणायचो.

परण्या मारुतीच्या देवळाकडं निघायच्या आधी हलगीवाला काडीकचरा पेटवून हलगी शेकायचा. दमट हवेत कातडं सैल पडतं, उबेनं ते ताणतं आणि आवाज कडक निघतो. तो पहिला ठोका पडला की चुलीपुढच्या बायासुद्धा हात पुसत दारात यायच्या.

आपण ज्याला बँजो म्हणतो, तो म्हणजे बुलबुल तरंग. खाली तारा आणि वर टाइपरायटरसारखी बटणं. त्याचं मूळ वाद्य १९१२ साली जपानातल्या नागोया शहरात तयार झालं. इतक्या लांबून आलं आणि आपल्या वरातीतलंच होऊन गेलं. २०१६ साली रवी जाधव यांनी 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमा काढला, त्यात आपल्या लातूरकडचे रितेश देशमुख बँजोवाले झाले होते. त्याच वर्षी 'सैराट' आला. त्याच्या गाण्यांतला मोठा वाद्यवृंद अमेरिकेत ध्वनिमुद्रित केला होता. आपल्या बँडनं मोबाइलवर ऐकून ऐकून तीच गाणी बसवली आणि आठ जणांत मारुतीच्या पारापुढं वाजवली.

पण आम्हाला सगळ्यात जास्त आठवते ती हळदीची संध्याकाळ. एखादी आजी जात्यावरची ओवी म्हणायला लागायची. बँजोवाला दादा आधी नुसता ऐकायचा, मग हळूच तिची चाल उचलायचा. ढोलवाला हात हलका करायचा. आजी दमली तर तेही थांबायचे, तिला पुढची ओवी आठवली की पुन्हा सुरू. आम्ही आतून निरोप धाडायचो, अमुक गाणं वाजवा, आणि ते वाजायचं. बायांना वरातीत नाचायची मुभा नव्हती तेव्हासुद्धा गाणं कोणतं वाजावं, यात आमचा शब्द होता.

डीजेला असा निरोप धाडता येत नाही. शेजारणीनं कानाशी तोंड आणून सांगितलेलं ऐकू येत नाही. पाळण्यातलं लेकरू दचकतं, म्हाताऱ्या माणसांच्या छातीत धडधडतं, गोठ्यातली जनावरं दावं ओढतात. आणि ज्या आठ-दहा घरांत लग्नसराईचे चार पैसे जात होते, ती घरं आता दुसऱ्या कामाच्या शोधात आहेत. बँजो घरात आढ्याला टांगलेला आहे.

जुनं ते सगळं चांगलं होतं, असंही आम्ही म्हणत नाही. अनेक ठिकाणी वाजवणाऱ्यांना बाजूला बसवायचे, पंगती उठल्यावर वाढायचे. वाजवणं गोड लागायचं, पण वाजवणारा पंगतीत चालायचा नाही. बँड परत आणायचा तर ती रीत परत आणायची नाही.

मैत्रिणींनो, सरकारचा ध्वनिप्रदूषणाचा नियम २००० सालापासून आहे. राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगे, स्पीकर लावायला बंदी. हा नियम बँडलाही लागू आहे, हे त्यांनाही सांगायचं. त्रास फारच झाला तर ११२ वर फोन करता येतो. पण लग्नाच्या मांडवात पोलिस बोलवायची वेळ येण्यापेक्षा आधीच बोललेलं बरं.

लग्नाची बैठक बसते, तेव्हा मानपान ठरतो, जेवणावळ ठरते, आणि वाजंत्रीचं पुरुष मंडळी परस्पर ठरवून टाकतात. तिथं आपण बोलायचं. आमच्या गटात आम्ही असं ठरवलंय: आपल्या घरातलं लग्न निघालं की आधी गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या बँडला विचारायचं. इसार वेळेवर द्यायचा, ठरलेले पैसे त्याच दिवशी चुकते करायचे आणि वाजवणाऱ्यांना पाहुण्यांच्याच पंगतीत बसवायचं.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. तुमच्या गावात बँजो, सनई, हलगी वाजवणारं कोण कोण आहे, त्यांची नावं वहीत लिहून ठेवा. आणि ज्या आजीला ओव्या येतात, तिचं नाव त्याच पानावर लिहा.