स्त्रीवेषाचा प्रश्न आणि श्रमिकांची चळवळ

(हैदराबाद येथे मराठी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात एका कार्यकर्त्याने केलेले भाषण. वक्त्याच्या इच्छेनुसार त्यांचे नाव दिलेले नाही.)



तुमच्या अभ्यासमंडळाने निमंत्रण देताना विषय जरा आडपडद्याने कळवला होता. पत्रात ‘लिंगभाव आणि समाज’ असे शब्द होते. तो पडदा मी प्रथम दूर करतो. मी पुरुष आहे, विवाहित आहे, मला दोन मुले आहेत. 30 वर्षे मी कारखान्यात नोकरी केली, त्यांपैकी 22 वर्षे कामगार संघटनेचे काम केले, आणि मी साडी नेसतो. रोज नव्हे, पण तरुणपणापासून आजपर्यंत नेसत आलो आहे. इंग्रजीत अशा माणसाला क्रॉस-ड्रेसर म्हणतात. मराठीत त्याला धड शब्द नाही, जे आहेत ते बहुतेक शिव्यांच्या यादीतले आहेत. माझ्या पत्नीला हे ठाऊक आहे आणि आज येथे बोलण्यास तिची संमती आहे.

पहिली शंका तुमच्या मनात आलीच असेल. मी तृतीयपंथी आहे काय? नाही. तृतीयपंथी व्यक्तीचा प्रश्न ती स्वतःला कोण मानते याचा आहे. मी स्वतःला पुरुषच मानतो. मी समलिंगी आहे काय? तसेही नाही, आणि असतो तरी त्यात लाजण्यासारखे काही नव्हते. कोणाविषयी प्रेम वाटते, आपण स्वतःला कोण समजतो आणि अंगावर काय घालतो, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. गल्लीतला टवाळ आणि चौकातला हवालदार हे दोघेच त्या एक समजतात. मार मात्र तिघांनाही एकाच काठीने बसतो, म्हणून आमचे लढे एकमेकांपासून तोडता येत नाहीत.

आता असे म्हणतात की पुरुषाने स्त्रीवेष धारण करणे हे परदेशातून आलेले खूळ आहे. मराठी माणसाने तरी हे म्हणू नये. ज्यांना बालगंधर्व म्हणून सारा महाराष्ट्र ओळखतो ते नारायण श्रीपाद राजहंस (1888–1967) आयुष्यभर स्त्रीभूमिका करीत राहिले, आणि त्यांची नेसण्याची पद्धत, त्यांचे दागिने पाहून पांढरपेशा घरांतील स्त्रिया आपले नेसणे सुधारून घेत. 1964 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. कोकणातील दशावतारात आजही स्त्रीपार्टी पुरुषच करतात. तमाशाच्या गवळणीतली मावशी पुरुषच असते. भारुडे सादर करणारे पदर डोक्यावर घेतात तेव्हा त्यांच्या पाया पडणारे लोक मी पाहिले आहेत. सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेले जोगते लुगडे नेसतात, त्यांच्या परडीत लोक पीठ आणि पैसे घालतात.

मग विरोध नेमका कशाला आहे? बारकाईने पाहा. वेष दुसऱ्याच्या रंजनासाठी असेल, तिकिटाच्या पैशांत बसत असेल किंवा देवाच्या नावावर खपत असेल तोपर्यंत समाजाची हरकत नसते. कलावंताने तो वेष उतरवून घरी जावे एवढीच अट असते. आणि तेथेही न्याय सारखा नाही. नाटक मंडळीतला स्त्रीपार्टी नट ‘गंधर्व’ झाला; फडावरचा नाच्या ‘नाच्या’च राहिला. मराठी चित्रपटांत नाच्याच्या भूमिकांसाठी प्रसिद्ध असलेले गणपत पाटील, ज्यांचे 2008 साली निधन झाले, हे संसारी गृहस्थ होते. पण लोकांनी पडद्यावरचा नाच्या त्यांच्या दारापर्यंत नेला आणि त्याची झळ त्यांच्या कुटुंबाला सोसावी लागली. एकाच कामाला एकीकडे मानपत्र आणि दुसरीकडे टिंगल, हा फरक प्रेक्षक कोणत्या वर्गाचा आणि नट कोणत्या थरातला, यावरून पडला आहे.

स्वतःच्या समाधानासाठी कोणी साडी नेसली की मात्र समाज बिथरतो. आणि समाजाच्या आधी सरकार बिथरलेले आहे. ब्रिटिशांचा 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा तुम्ही भटक्या-विमुक्तांच्या संदर्भात वाचला असेल. त्याचा दुसरा भाग सहसा वाचला जात नाही. त्या भागान्वये ‘युनक’ ठरवलेल्या लोकांची नोंदवही ठेवली जाई. नोंद झालेला माणूस स्त्रीच्या पोशाखात वा दागिने घालून रस्त्यावर दिसला, अगर रस्त्यावरून दिसेल अशा जागी उभा राहिला, तरी त्याला विनावॉरंट पकडता येई आणि शिक्षा 2 वर्षांपर्यंत तुरुंगवासाची होती. नाचणे-गाणे हाही गुन्हाच. त्याच कायद्यात पुढचे कलम असे होते की या माणसाला मृत्युपत्र करता येणार नाही, बक्षीसपत्र करता येणार नाही, दत्तक घेता येणार नाही, कोणा अल्पवयीनाचे पालक होता येणार नाही. एका हाताने साडी फेडायची आणि दुसऱ्या हाताने वारसा तोडायचा. वसाहतवादी राज्ययंत्रणेने नीतीची भाषा केली तेव्हा मालमत्तेचा हिशेबही सोबतच मांडला, हे तुमच्यापैकी कायदा शिकणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

1884 सालचा एक खटला आहे. मुरादाबाद भागातील खैराती नावाचा माणूस स्त्रीवेषात बायकांच्या मेळ्यात गाताना पोलिसांना आढळला. त्याला पकडून सिव्हिल सर्जनकडून त्याच्या शरीराची तपासणी करविली आणि कलम 377 खाली शिक्षा ठोठावली. कृत्य कोठे, केव्हा, कोणाबरोबर याचा पत्ताच नव्हता, म्हणून अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने त्याला सोडले. पण सोडतानाही न्यायमूर्तींनी अधिकाऱ्यांच्या उद्देशाला शाबासकी दिली. गाण्याचा आणि वेषाचा असा अर्थ काढला जात होता. हे कलम संमतीने एकत्र येणाऱ्या प्रौढांना लागू करता येणार नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यायला 6 सप्टेंबर 2018 उजाडला.

आणि हैदराबादकरांनो, तुम्ही ज्या शहरात बसला आहात तेथील गोष्ट याहून जवळची आहे. निजामाच्या राजवटीत, ज्या राज्यात तेव्हा आपला मराठवाडाही होता, 1329 फसली म्हणजे 1919 साली याच धर्तीचा कायदा झाला. तीच नोंदवही, स्त्रीवेषासाठी तीच विनावॉरंट अटक. निजाम गेला, भाषावार प्रांतरचना झाली, तेलंगण वेगळे राज्य झाले, तरी हा कायदा पुस्तकात होता. जुलै 2023 मध्ये तेलंगण उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. 1952 साली देशाने गुन्हेगार जमाती कायदा रद्द केला, त्यानंतर या शहरात हा अवशेष आणखी 71 वर्षे टिकला.

15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात निर्णय दिला. त्यातील तृतीयपंथीयांच्या मान्यतेचा भाग सर्वांना ठाऊक आहे. माझ्या दृष्टीने त्यातील दुसरी एक गोष्टही मोलाची आहे. माणूस आपले लिंगत्व पोशाखातून, बोलण्यातून, वागण्यातून व्यक्त करतो आणि ही अभिव्यक्ती घटनेच्या कलम 19(1)(अ) च्या संरक्षणात येते, असे न्यायालयाने म्हटले. त्यानंतर 2019 साली संसदेने कायदा केला आणि ओळखीचे प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्याच्या हाती ठेवले. 1919 ची नोंदवही दंडासाठी होती, 2019 चे प्रमाणपत्र हक्कासाठी म्हणून आले. दोन्ही एकच आहेत असे मी म्हणणार नाही. पण माणूस कोण आहे हे ठरवायला पुन्हा सरकारी टेबलच लागावे, याला तृतीयपंथी संघटनांनी त्याच वेळी विरोध केला होता, आणि तो योग्य होता.

आता आपल्या चळवळीकडे वळतो. पुरुषाने साडी नेसणे हा अपमान का वाटतो? तुमच्या वर्गातल्या मुली शर्ट-पँट घालून येतात, त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. (तेही फुकट मिळालेले नाही. पॅरिसमध्ये स्त्रियांना पोलिसांच्या परवानगीशिवाय पुरुषी पोशाख करण्यास मनाई करणारा 1800 सालचा हुकूम रद्दबातल झाल्याचे फ्रान्सच्या सरकारने 2013 साली जाहीर केले.) मुलीने पुरुषाचा वेष घेतला की ती वर चढली असे समजतात, पुरुषाने स्त्रीचा घेतला की तो खाली घसरला असे समजतात. खालची जागा स्त्रीची, हे त्यात गृहीत धरलेले आहे. त्यामुळे माझ्या साडीवर हसणारा मनुष्य प्रथम आपल्या आईच्या साडीवर हसत असतो.

म्हणूनच अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर करण्याची जी प्रथा मोर्चांमध्ये शिरली आहे, तिला माझा जाहीर विरोध आहे. लाल झेंड्याखालील मोर्चांतही मी ती पाहिली आहे. बांगड्या म्हणजे भित्रेपणा, हे कोणत्या इतिहासात लिहिले आहे? 1945 च्या वारल्यांच्या उठावाची संघटना बांधणाऱ्या गोदावरी परुळेकर होत्या. 1972 नंतर मुंबईत महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर आलेल्या हजारो बायकांपुढे अहिल्या रांगणेकर आणि मृणाल गोरे होत्या. आणि तेलंगणच्या सशस्त्र लढ्यात बंदूक घेऊन उभ्या राहिलेल्या मल्लू स्वराज्यम् तुमच्याच भूमीतल्या.

माझा स्वतःचा अनुभव थोडक्यात सांगतो. आमच्या कारखान्यात वेतनकराराच्या वाटाघाटी चालू असताना व्यवस्थापनाच्या हाती कोठून तरी माझे साडीतले छायाचित्र लागले. एका सकाळी फाटकावर ते चिकटवलेले होते. खाली लिहिले होते, ‘तुमचा पुढारी’. हेतू उघड होता. मजुरीच्या आकड्यावरची चर्चा बंद पडावी आणि माझ्यावरची सुरू व्हावी. दुपारी द्वारसभा घेतली. काही साथी माझ्याकडे पाहत नव्हते. दोघांनी मी वाटाघाटींतून बाजूला व्हावे असे सुचवले. मी म्हणालो, छायाचित्र माझेच आहे, आणि पुढे मागणीपत्रकावर बोलू लागलो. तेवढ्यात पॅकिंग विभागातली एक वयस्क कामगार बाई उठली. म्हणाली, “साडी आमीबी नेसतो की. त्यात काय बघायचं? महागाईभत्त्याचं काय झालं ते सांगा.” सभेत हशा पिकला, आणि तो माझ्यावरचा नव्हता. करार आमच्या मागणीपेक्षा कमी पैशांत झाला, पण मी समितीत शेवटपर्यंत राहिलो.

माझ्या पाठीशी संघटना होती आणि कायम नोकरी होती. ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नाही त्याचे काय? 2017 साली केरळमध्ये कोची मेट्रोने तृतीयपंथी व्यक्तींना नोकऱ्या दिल्या. देशभर कौतुक झाले आणि ते रास्त होते. पण महिन्याभरातच त्यांपैकी काहींनी काम सोडले, कारण शहरात त्यांना कोणी परवडेल अशी खोली भाड्याने देईना. नोकरी हाती आहे आणि रात्री डोके टेकायला जागा नाही, अशा माणसाला घटनेतील कलम किती पुरणार? याच शहरात डिसेंबर 2024 मध्ये वाहतूक पोलिसांनी तृतीयपंथीयांना साहाय्यक म्हणून घेतले. त्यांना रस्त्यावर पाहाल तेव्हा त्या कोठे राहतात, पगार किती मिळतो, कायम केले आहे की कंत्राटावर ठेवले आहे, हे विचारा. कुतूहलाचे इतर प्रश्न नंतर विचारले तरी चालतील.

कोणी तरी सोव्हिएत संघाविषयी विचारील, म्हणून आधीच सांगतो. क्रांतीनंतरच्या 1922 च्या दंडसंहितेत पुरुषांमधील समलिंगी संबंध हा गुन्हा उरला नव्हता. 1934 साली तो पुन्हा गुन्हा झाला. हे माघार घेणे होते, आणि आपण ते माघार म्हणूनच शिकवले पाहिजे. क्यूबातही अशा लोकांचा छळ झाला. तेथेच सप्टेंबर 2022 मध्ये जनतेने सार्वमताने नवा कुटुंब कायदा स्वीकारला आणि समलिंगी विवाहाला मान्यता दिली.

शेवटी तुमच्या महाविद्यालयाविषयी. स्नेहसंमेलनात एखाद्या मुलाला साडी नेसवून हशा पिकवण्याचा कार्यक्रम होतच असेल. त्या सभागृहात असा एखादा मुलगा बसलेला असतो जो घरी दार लावून आईची साडी नेसून पाहतो, आणि त्या हशाचा आवाज ऐकून तो कोणालाच काही न सांगण्याचे ठरवतो. वसतिगृहात अशा मुलाची पेटी उघडून तमाशा केला जातो, तेव्हा ते रॅगिंग ठरते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रॅगिंगविरोधी नियमांत 2016 साली दुरुस्ती झाली. जात, धर्म, वर्ण यांच्याबरोबर लिंगभाव, लैंगिक कल आणि दिसणे यांवरून होणारा छळही त्यात स्पष्टपणे घातलेला आहे. तुमच्या वसतिगृहाच्या सूचनाफलकावर ही दुरुस्ती लावलेली आहे काय, हे उद्या पाहा. नसेल तर वसतिगृहप्रमुखांकडे लेखी मागणी करा, आणि त्या अर्जावर पहिली सही त्या मुलाची असावी असा आग्रह धरू नका.

आता तुमचे प्रश्न घेतो.