लेकराचा कान का फुटतो?

वणीच्या मायबहिणींनो, लेकराला सर्दी होते, ते रात्रभर रडते, सकाळी कान फुटतो. आपण म्हणतो, पाणी गेलं असेल. तसे नाही. नाकामागून कानात एक नळी जाते. लेकरांत ती आखूड अन् आडवी असते. सर्दीच्या विषाणूंनी ती सुजून बुजते. मग आत जंतू वाढतात, पू होतो.

एकाचा कान फुटतो, दुसऱ्याचा नाही, असे का? सरकी तीच, पण काळ्या रानात अन् बरडात सारखी येते का? नळीची ठेवण, जंतूंशी झुंजायची ताकद, हे पुष्कळसे आईबापांच्या जनुकांतून येते. त्यात मायचा दोष नाही बरं!

गरम तेल ओतू नका, दवाखान्यात न्या. कान वाहतच राहिला तर ऐकू कमी येते, बोलणे मागे पडते. न्युमोकोकस जंतूवरची लस २०२१ पासून देशभर सरकारी दवाखान्यात फुकट आहे: दीड महिना, साडेतीन महिने, नऊ महिने.