बरा झालेला हात



खाऱ्या दलदलीवर हुगळीचा गाळ ओतून ज्यांनी सॉल्ट लेकची ही नगरी वसविण्याचा संकल्प केला, ते बिधानचंद्र रॉय मुख्यमंत्री होण्यापूर्वी वैद्य होते, आणि १९३३ साली पुण्याच्या पर्णकुटीत गांधीजींच्या उपोषणकाळी त्यांच्या उशाशी होते. तेव्हा येथल्या या आरोग्यविद्यापीठात मातृभाषेतून, मराठीतून, बोलण्याची अनुज्ञा आपण मला दिलीत, यात मला बंगाल-महाराष्ट्राच्या जुन्या ऋणानुबंधाची खूण दिसते.

आज बोलायचे आहे ते बऱ्या झालेल्या हाताविषयी. आमच्याकडे कडबाकुट्टीत बोटे सापडलेली किंवा न्हाणीत घसरून मनगट मोडलेली बाई दवाखान्यात येते. प्लास्टर निघते, क्ष-किरणचित्रात हाड सांधलेले दिसते, आणि तरीही हात पदराखालून बाहेर येत नाही. मूठ वळा म्हटले की ती आधी आपल्या मुलाच्या तोंडाकडे पाहते. हलविला तर पुन्हा मोडेल या धास्तीने हात जपला जातो, जपल्याने सूज ओसरत नाही, सांधे आखडतात, आखडलेला सांधा अधिक दुखतो, आणि ते दुखणे धास्तीला पुरावा होऊन बसते. घरची माणसे मायेपोटी परात तिच्या पुढून उचलून घेतात. भाकरी सून थापू लागते. आणि घरात आपली गरज उरली नाही हे त्या बाईला कोणीही न सांगता कळते. दवाखान्याच्या केसपेपरावर मात्र ‘हाड जुळले’ एवढाच शेरा असतो.

कायद्याचे दप्तरही असेच. १९२३ च्या कामगार भरपाईच्या कायद्याने, पुढे झालेल्या दुरुस्तीनंतर, अंगठा गेल्यास मिळकतीच्या क्षमतेत तीस टक्के घट, अख्खी तर्जनी गेल्यास चौदा टक्के, असा तक्ता ठरविला. भरपाईच्या तजविजीस तो आवश्यकच होता, परंतु सोनाराची तर्जनी आणि हमालाची तर्जनी त्यात एकाच रकान्यात बसतात, आणि रात्रीची झोप उडालेल्या माणसाला तर रकानाच नाही. याउलट १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या, हाताची असमर्थता मोजणाऱ्या ‘डॅश’ या प्रश्नावलीत किल्ली फिरविणे, लिहिणे, स्वयंपाक करणे असे तीस प्रश्न असून, शेवटचा प्रश्न या दुखण्याने आपण कमी उपयोगाचे झालो असे वाटते काय, हा आहे. पुढील संशोधनात वारंवार दिसून आले की, रुग्ण सांगतो त्या असमर्थतेचे नाते मोजता येणाऱ्या इजेपेक्षा पुष्कळदा त्याच्या खिन्नतेशी आणि ‘आता काही खरे नाही’ या विचाराशी अधिक निकटचे असते.

यावरून कोणी रुग्णास ‘हे तुमच्या मनाचे खेळ’ असे सुनावील, तर तो घोर अन्याय होईल. वेदना खरी आहे, आणि तिच्या सोबतीस आलेली भीतीही तितकीच खरी आहे.

वेल्लोरला शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोगाने नखीप्रमाणे आकसलेल्या बोटांवर स्नायुबंध फिरवून मूठ उघडून दिली, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की हात सुधारलेल्या भिकाऱ्याची भीक घटली आणि काम तर कोणी देईना. म्हणून त्यांना शस्त्रक्रियेच्या जोडीस हत्यारे हाताळण्याचे शिक्षण देणारी वसाहत उभारावी लागली. वरोऱ्यास बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापून जे आरंभिले, त्यातही माझ्या मते खरे औषध हेच होते, की झडलेल्या बोटांच्या माणसाकडे दयेने न पाहता त्याच्याकडून त्याने पिकविलेल्या धान्याची अपेक्षा धरली.

आपणा पदवीधरांपैकी कोणी येथून जवळच बनहुगळीच्या अपंग-पुनर्वसनाच्या राष्ट्रीय संस्थेत जातील, कोणी तागाच्या गिरण्यांतील कामगारांच्या दवाखान्यात. माझी विनंती लहान आहे. पहिल्याच भेटीत, पकडीचे बळ मोजण्याआधी, झोप कशी लागते आणि कोणत्या कामाची भीती वाटते हे विचारा. उत्तर मंद आले तरी थांबा. सोबत आलेला नातलग मध्येच बोलू लागला, तर त्यास क्षणभर बाहेर बसवा. आणि जे ऐकाल ते रुग्णाच्याच शब्दांत केसपेपरावर लिहा, म्हणजे पुढच्या खोलीतील व्यायाम शिकविणाऱ्यास कोणत्या कामापासून आरंभ करावयाचा ते समजेल.