हेतूंचा पंचनामा पुरे



अध्यक्षाने पहिली दहा मिनिटं आभारात घालवायची, अशी आपल्या संमेलनांची रीत आहे. ती मी आज मोडते. काल दुपारचा परिसंवाद ऐकून मला राग आला आहे, आणि तो निवायच्या आत मला बोलायचं आहे.

विषय होता स्त्री, पुरुष आणि तृतीयपंथी यांच्या हक्कांचा. एक गृहस्थ म्हणाले, तृतीयपंथीयांची बाजू घेणाऱ्यांना बाहेरून पैसा येतो. एक बाई म्हणाल्या, बायकांचे खेळ आणि बायकांचे वॉर्ड वेगळे ठेवा म्हणणाऱ्यांच्या पोटात फक्त किळस आहे. टाळ्या दोघांनाही पडल्या. समोरच्याचा मुद्दा मात्र दोघांपैकी एकानेही खोडला नाही. प्रत्येकाने दुसऱ्याच्या मनाचा पंचनामा केला, पंच आपलेच नेमले आणि सही ठोकून मोकळे झाले.

या खुर्चीवर यंदा बाई बसवली ती समतोल दिसावा म्हणून, असंही मांडवात कुजबुजलं जातंय. असेलही. संयोजकांच्या मनात मी डोकावलेली नाही. पण त्यांचा हेतू कितीही हिशेबी असला, तरी माझं भाषण चांगलं की वाईट हे तुम्हाला ऐकूनच ठरवावं लागेल. त्यातून सुटका नाही.

माणूस कुठून आला यावरून त्याची किंमत करायचा खेळ आपल्याला नवा नाही. मुंबईत कुणी बावळटपणा केला की 'अलिबागसे आया है क्या' म्हणतात. त्यावर बंदी घाला म्हणून 2019 मध्ये कुणीतरी उच्च न्यायालयात गेलं. विनोद मनाला लावून घेऊ नका, असं सांगून न्यायालयाने याचिका फेटाळली. ठीकच झालं. पण इथल्या ज्या अलिबागकरांना ते वाक्य झोंबतं, तेच काल समोरच्याला 'तू कुठल्या गोटातला' म्हणून विचारत होते.

आता आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगते. 24 डिसेंबर 1927. डॉ. आंबेडकर मुंबईहून पद्मावती बोटीने निघाले, दासगाव बंदराला उतरले आणि तिथून सहकाऱ्यांसह चालत महाडला पोचले. अस्पृश्यांच्या पाण्याच्या हक्कासाठी भरवलेल्या परिषदेला जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. त्याआधी पुण्याहून ब्राह्मणेतर चळवळीचे केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला होता. अट अशी, की या लढ्यात ब्राह्मण नकोत. त्यांचा संशय निराधार होता असं मी म्हणणार नाही. शतकांचा अनुभव त्याच्या पाठीशी होता. तरी बाबासाहेबांनी अट नाकारली. जन्मावरून हेतू ठरवायचा, तर आपण ज्याच्याशी भांडतोय तेच आपण करू, हे त्यांना दिसत होतं. आणि 25 तारखेला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला कुणी? गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मणाने. अट मान्य झाली असती, तर हा माणूस मांडवाबाहेर उभा असता.

तिथली दुसरी गोष्ट बायकांची आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. 27 तारखेला बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. लुगडं आखूड नेसू नका, अंगावरचे जातीची खूण सांगणारे जड दागिने उतरवा, मुलींना शिकवा. बाबासाहेबांचे सवर्ण सहकारी टिपणीस आणि चित्रे यांच्या घरच्या स्त्रियांनी नेसण्याची रीत दाखवली आणि पायघोळ लुगडी नेसून बायका परतल्या. आज एखादा विद्वान यावर म्हणेल, हे उच्चवर्णीयांचं अनुकरण झालं. दुसरा म्हणेल, पुरुषाने बायकांच्या कपड्यांवर बोलायचंच कशाला? प्रश्न दोन्ही विचारण्याजोगे आहेत. पण त्या बाईला कुणी विचारलं का? पाऊलभर खाली आलेल्या त्या काठाने तिला काय मिळालं? रस्त्यात लांबूनच कुणी तिची जात ओळखू नये, एवढंच तिला हवं असेल. ज्यांनी ते कापड नेसलं त्यांच्याआधी, बघणाऱ्यांनी त्याचा अर्थ लावून टाकायचा, ही कुठली रीत? आज एखादी तृतीयपंथी व्यक्ती साडी नेसून पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला जाते आणि ठाणेदार 'हे कसलं नाटक' म्हणतो, तेव्हा तो हीच रीत पाळत असतो.

आता रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालं. पुढे त्यांनी नवऱ्याच्या घरी नांदायला जायचं नाकारलं, तेव्हा दादाजी भिकाजी 1884 मध्ये कोर्टात गेले. त्या खटल्यात कायदा जेवढा निघाला, त्याहून जास्त हेतू निघाले. दादाजींनी छापून सांगितलं, हिच्या आजोबांना इस्टेट घरात ठेवायची आहे. रखमाबाईंच्या बाजूने उत्तर आलं, यालाच इस्टेट हवी आहे. टिळक त्यांच्या विरोधात होते, आणि ही बाई म्हणजे सुधारकांच्या हातातलं बाहुलं, असाच विरोधकांचा सूर होता. समजा, दोन्ही आरोप खरे. समजा, दोन्ही घरांचा डोळा इस्टेटीवरच होता. तरी मनाविरुद्ध एका बाईला नांदायला धाडावं की नाही, हा प्रश्न जागच्या जागी उरतो. तो इस्टेटीच्या कागदात सापडत नाही. 1887 मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. पुढच्या वर्षी दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. नंतर त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या. आणि 1904 मध्ये दादाजी वारले, तेव्हा याच बाईंनी विधवेचा वेश घेतला, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. घाला बघू आता त्यांना तुमच्या एखाद्या खणात! बंडखोर म्हणाल तर पांढरं लुगडं आडवं येतं, आणि सनातनी म्हणाल तर खटला.

टिळकांवरही अन्याय नको. 1890 मध्ये संमतिवयाचा वाद पेटला असताना त्यांनी सुधारकांपुढे प्रस्ताव ठेवला. मुलीचं लग्न सोळाच्या आत नको, मुलाचं विसाच्या आत नको, चाळिशीनंतर पुरुषाने लग्न करायचं तर विधवेशी, विधवांचं केशवपन बंद, हुंडा बंद. ज्यांना सुधारणा हवी त्यांनी आधी स्वतःला हे बंधन घालून घ्यावं, सरकारला कशाला बोलावता? सुधारकांनी ओळखलं, हा पेच आहे. पेच होताच. पण प्रस्तावात लग्नाचं वय सोळा होतं आणि 1891 च्या कायद्याने शरीरसंबंधाच्या संमतीचं वय दहाचं केलं फक्त बारा! डावपेच म्हणून मांडलेला मुद्दाही चांगला असू शकतो, हे आमच्या आवडत्या सुधारकांना तेव्हा पचलं नाही. उलट बाजूने, सुधारक रानड्यांनी 1873 मध्ये स्वतः अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं, हे सनातनी आयुष्यभर त्यांच्या तोंडावर फेकत राहिले. विसंगती खरीच होती. तिने बालविवाह चांगला ठरला का?

मग हेतू कधी विचारूच नये का? विचारावा. पण आधी मुद्द्याला उत्तर द्या. मग पुरावा आणा, पावती आणा, त्या माणसाची वागणूक दाखवा. आणि तीच फूटपट्टी स्वतःच्या गोटाला लावा. आपल्या शास्त्रार्थात पूर्वपक्ष आधी मांडावा लागे, तोही समोरच्याला मान्य होईल असा. परंपरेच्या नावाने गळा काढणाऱ्यांना नेमकी हीच परंपरा आठवत नाही, याची मला गंमत वाटते.

आजचंच घ्या. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. तरी 2022 च्या पोलीस भरतीच्या अर्जात त्यांच्यासाठी रकाना नव्हता. त्यासाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, आणि पुढे उच्च न्यायालयापर्यंत भांडावं लागलं. अर्ज भरणारी व्यक्ती फुकटची नोकरी लाटायला आली आहे, असं म्हणणाऱ्याला मी विचारते: पहाटे मैदानावर धावायला येणारी माणसं तुम्ही पाहिली आहेत का? आणि धावण्याची वेळ, गोळ्याचं वजन कुठल्या गटाचं धरायचं, असा प्रश्न शेजारच्या मुलीने विचारला, तर तिला द्वेष्टी ठरवणाऱ्यालाही विचारते: तिने दोन वर्षं घाम गाळलाय, नियम काय ते तिला कळायला नको? हा प्रश्न सरकारने नियम करून सोडवायचा असतो. तिला गप्प करून तो सुटत नाही. 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत आठशे मीटरचं रौप्य जिंकलेल्या शांती सौंदरराजनचं पदक लिंगचाचणीनंतर काढून घेतलं. लोकांनी तिला लबाड ठरवलं. तामिळनाडूतल्या गरीब घरातली ती पोर, तिने कुणाला फसवायचं ठरवलं होतं? नियमाचा वाद वेगळा आणि लबाडीचा आरोप वेगळा. हे दोन एकत्र कालवणारे दोन्ही बाजूंना आहेत.

शेवटी कामाचं बोलते. विषयनियामक समितीकडून माझ्या हातात दोन ठराव आले आहेत. पहिल्यात 'विकृत मनोवृत्तीच्या परकीय हस्तकांचा' निषेध आहे, दुसऱ्यात 'द्वेषाने आंधळ्या झालेल्या प्रतिगाम्यांचा'. दोन्हीही मी मतदानाला टाकणार नाही. अध्यक्ष मनमानी करतात असं कुणाला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, नाव इतिवृत्तात घालून घ्या. काय करायला हवं आणि कुणी करायला हवं, एवढंच लिहिलेला मसुदा चार वाजेपर्यंत आणा, मी तो स्वतः वाचून दाखवेन. नाही आणलात तर ठरावाविना समारोप होईल, आणि मुंबईच्या मंडळींना मांडव्याची लाँच वेळेवर मिळेल.