वाळवंटातल्या पाट्या

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात, काल्याच्या आदल्या दिवशी, पाट्यांची सेवा करणाऱ्या मंडळींच्या वतीने केलेले भाषण)

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. या सप्ताहात आपण जुन्या विणेकऱ्यांविषयी ऐकलं, बैलगाडीवर शिधा लादून नेणाऱ्यांविषयी ऐकलं. आज आम्हाला सांगण्यात आलं की पाट्यांच्या सेवेविषयी दहा मिनिटं बोला. आम्ही काही कीर्तनकार नाही. आमच्यात कुणी दूध घालतो, कुणी रिक्षा चालवतो, दोघीजणी अंगणवाडीत आहेत. तेव्हा जे केलं ते सांगतो, आणि शेवटी एक मागणं मागतो.

आपण पंढरीला जातो म्हणजे नेमकं कुठं जातो? देवळात तर जातोच. पण आपल्यातल्या कितीतरी जणांना पदस्पर्शाची रांग झेपत नाही. ते चंद्रभागेत बुडी मारतात, पुंडलिकाला नमस्कार करतात, कळसाला हात जोडतात आणि वाळवंटात कीर्तनाला बसतात. त्यांची वारी पोचते. वाळवंटाला दार नाही. तिथं लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, आणि समोरच्याची जात किंवा जमीन कुणी विचारत नाही. भीमा नदी भीमाशंकरच्या डोंगरात उगवते आणि ८६१ किलोमीटर वाहून कृष्णेला मिळते. एवढ्या लांबीत पंढरपूरपाशी ती चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून ती चंद्रभागा. त्या वळणावर साठलेली वाळू म्हणजे आपलं वाळवंट. देऊळ माणसांनी बांधलं, घाट माणसांनी बांधले. वाळवंट मात्र नदीनं घातलेलं अंथरूण आहे. ते गेलं तर कुठल्या गवंड्याला सांगून परत घालून मिळणार नाही.

आणि ते जातं आहे. आपल्यातली म्हातारी माणसं सांगतात, पूर्वी पाय घोट्यापर्यंत वाळूत रुतायचे. उन्हाळ्यात हातानं झिरा उकरला की प्यायला पाणी लागायचं. वाळू पाणी धरून ठेवते, गाळते, आणि काठच्या विहिरींना पोचवते. वाळू उपसली की खाली उरतो चिखल. वर १९८० साली उजनी धरण पुरं झालं. त्यामुळे पाणी मिळालं, ऊस झाला, ते नाकारून चालणार नाही. पण धरणामागं जसं पाणी थांबतं तशी वरून येणारी वाळूही थांबते. म्हणजे उपसा झाला तर भरून काढायला नवी वाळू पूर्वीसारखी येत नाही.

आता पाट्यांचं सांगतो. एका आषाढीला शेजारच्या दिंडीतला एक तरुण आमच्या डोळ्यांदेखत पाण्यात गेला. पाणी मांडीएवढं होतं. दोन पावलं पुढं टाकली आणि दिसेनासा झाला. वाळू काढलेला खड्डा होता, वरून काही कळत नव्हतं. एका होडीवाल्यानं उडी टाकून त्याला केसाला धरून वर काढलं. पोरगा वाचला. संध्याकाळी तो होडीवाला आम्हाला म्हणाला, "माउली, खड्डे कुठं आहेत ते आम्हाला पाठ आहे. तुम्हाला कसं कळणार? तिथं काही लिहिलेलं नाही." त्याच्या त्या बोलण्यातून ही सेवा सुरू झाली.

पाट्या कशाच्या करायच्या? दिंडीच्या स्वयंपाकाला तेलाचे पत्र्याचे डबे लागतात. रिकामे डबे भंगारात जायचे. ते आम्ही कापून, ठोकून सरळ केले आणि कडा दुमडल्या, म्हणजे कुणाचा हात कापायला नको. ट्रॉलीवर आणि दुकानांवर नावं रंगवणारे आपल्या गावचे पेंटर पांढरा आणि लाल ऑइलपेंट घेऊन बसले. बांबू शेतातले. नगरपरिषदेकडे अर्ज देऊन रीतसर परवानगी घेतली.

खरा प्रश्न पुढं आला. लिहायचं काय? पोरं म्हणाली, "येथे कचरा टाकण्यास सक्त मनाई आहे, दंड होईल," असं लिहू. तेव्हा तुळशीवाल्या एक आजी उठल्या. त्या म्हणाल्या, "अरे, वीस दिवस चालून आलेल्या माणसाला तू दारातच दम देतोस व्हय? त्याला हात जोडून सांग. आणि नको म्हणतोस तर मग कुठं टाकू, तेबी सांग." आमच्या सगळ्या पाट्यांचा नियम आजींच्या त्या दोन वाक्यांत आला. पाटीची सुरुवात 'माउली'नं करायची. अमुक करू नका म्हटलं की त्याच पाटीवर तमुक करा हेही लिहायचं, आणि त्याची सोय पाटीजवळच ठेवायची.

म्हणून घाटाच्या पायरीवरची पाटी अशी झाली: "माउली, अंगावरचे जुने कपडे पाण्यात सोडू नका, या टोपलीत ठेवा." खाली वेताची टोपली. दिवे सोडण्याच्या जागी: "माउली, दिवा पानाच्या द्रोणात सोडा. थर्माकोल नदीला पचत नाही." शेजारी पळसाच्या पानांचे द्रोण ठेवून एक मावशी बसायच्या. प्लास्टिक-थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पण आम्ही पाटीवर कायदा लिहिला नाही. द्रोण हातात दिला की कायदा सांगायची वेळ येत नाही. आंघोळीच्या जागी लिहिलं: "माउली, बुडी मारा, पुण्य घ्या. साबण पिशवीतच राहू द्या."

खड्ड्यांपाशी मात्र गोड बोलून भागत नाही. तिथं लाल अक्षरांत मोजकं लिहिलं: "थांबा. पुढे खड्डा. माणूस बुडतो." आणि चित्र काढलं, नुसतं डोकं आणि वर केलेला एक हात. कारण आपल्यातल्या कितीतरी माउल्यांना वाचता येत नाही. कर्नाटकातूनही पुष्कळ वारकरी येतात, म्हणून त्यांच्यातल्याच एका सद्गृहस्थांकडून तेच कानडीत लिहून घेतलं. पाट्या कुठं रोवायच्या ते होडीवाल्यांनी पाण्यात उतरून, बांबू टेकवून दाखवलं. दरवर्षी आधी त्यांना विचारायचं आणि मगच पाटी रोवायची, कारण नदी हलते आणि खड्डेही हलतात. नीरेवरच्या वीर धरणातून किंवा उजनीतून पाणी सोडलं तर वाळवंट पाण्याखाली जातं. म्हणून सूचना आली की पाट्या काढून घाटाच्या पायऱ्यांवर आणायच्या. झाडाला खिळा मारायचा नाही, देवळाच्या भिंतीला हात लावायचा नाही, आणि निघताना मोजून सगळ्या पाट्या परत आणायच्या. नाहीतर आमच्याच पाट्यांचा कचरा व्हायचा.

मंडळी, पाटी एकटी काही करत नाही. आम्ही पाहिलं, पाटीजवळ माणूस उभं असलं तर दहातले बहुतेक जण ऐकतात. माणूस पाणी प्यायला गेलं की टोपली रिकामी आणि कपडे नदीत. म्हणून आता दोन-दोन तासांच्या पाळ्या लावल्या आहेत, जसा वीण्याचा पहारा असतो तशा. वीणा खाली ठेवायची नसते, तसं पाटीजवळची जागा मोकळी ठेवायची नाही. काही जण रागावतात. म्हणतात, "बापजाद्यांपासून कपडे सोडत आलो, तू कोण सांगणारा?" त्यांच्याशी वाद घालायचा नाही. पाया पडायचं आणि टोपली पुढं करायची. वारकऱ्याच्या पाया पडलं की तोही वाकतो, आणि वाकलेला माणूस सहसा कपडा टोपलीतच टाकतो.

दुसरा एक प्रश्न आम्हाला गावातही विचारतात, आणि तो खरा आहे. "एवढ्या शहरांचं मैलापाणी नदीत येतं. वाळूचे ट्रक रात्री भरले जातात. त्यात माझ्या एका धोतरानं काय होणार?" याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं. पाटी बघून वाळूचोर थांबत नाही. परवानगीशिवाय वाळू उपसणं गुन्हा आहे, आणि त्याला अडवणं महसूल खात्याचं आणि पोलिसांचं काम आहे. मैलापाणी शुद्ध करून सोडणं पालिकांचं काम आहे. ते त्यांनी करावं म्हणून गावोगावच्या वारकऱ्यांनी अर्ज द्यावेत, ग्रामसभेत ठराव करावेत, दरवर्षी विचारत राहावं. पण आषाढीला तिथं आपण लाखोंनी असतो. एकेकाचं एक धोतर म्हटलं तरी लाखो धोतरं होतात. तेवढं तरी आपल्या हातात आहे, त्याला कुणाच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही. गाडगेबाबांनी कीर्तनाला उभं राहण्याआधी खराटा हातात घेतला. त्यांनीही आधी दुसऱ्या कुणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही.

आता एक गोष्ट सांगतो, जी या सेवेत असताना आमच्या ध्यानात आली. आळंदीला आपण इंद्रायणीत स्नान करतो. ती इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पुण्यातली मुळा-मुठा पुढं जाऊन भीमेलाच मिळते. सासवडला आणि जेजुरीला आपल्याला कऱ्हा भेटते. ती मोरगाव, बारामतीवरून जाऊन नीरेला मिळते. नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान घालतात, आणि ती नीरा नरसिंहपूरला भीमेत जाते. म्हणजे बघा, वाटेत आपण जिथं जिथं ओंजळ भरतो, ते सगळं पाणी आपल्यासारखंच पंढरीला निघालेलं असतं. आपण दिवेघाट चढतो, पाणी त्याच्या वाटेनं जातं, आणि दोघांची भेट वाळवंटात होते. मग आळंदीत नदीत टाकलेलं आणि पंढरपुरात नदीत टाकलेलं, यात फरक तो काय?

म्हणून गेल्या काही वर्षांत आमच्या पाट्या वाटेवर आल्या. दर मुक्कामाला, जिथं पंगतीनंतर भांडी घासतात त्या पाण्याच्या टँकरजवळ एक पाटी असते: "माउली, इथलं पाणी पंढरीला जातं." एवढंच. खाली काही सूचना नाही. पण खरकटं ओढ्यात लोटायला निघालेली माउली ती वाचते, थांबते, आणि खड्डा कुठं काढलाय ते विचारते. सगळ्या पाट्यांत हीच पाटी जास्त काम करते असा आमचा अनुभव आहे. नदीला आई म्हणा हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण हे पाणी कुठं जातं, हे कुणी सांगितलेलं नसतं.

आता मागणं.

आपल्या गावचा ओढा कऱ्हेला मिळतो. कऱ्हा नीरेला, नीरा भीमेला. म्हणजे स्मशानाच्या मागं आपण ज्या ओढ्यात पिशव्या, फुटक्या तसबिरी, कोंबड्यांची पिसं आणि औषधाच्या बाटल्या टाकतो, तो ओढाही वारीला जातो. शंभर वर्षं या गावातून पताका निघाली. एकशे एकाव्या वर्षी ती निघण्याआधी ओढ्याच्या पुलावर एक पाटी लागावी. तिच्यावर तेच लिहावं: "माउली, इथलं पाणी पंढरीला जातं." पत्रा आमच्याकडे आहे, पेंटर तयार आहेत. आम्हाला हवीत माणसं, पाटीजवळ उभी राहणारी. ग्रामपंचायतीची कचऱ्याची गाडी आठवड्यातून दोनदा त्या बाजूला वळावी, एवढी सरपंचांना विनंती आहे, म्हणजे नको म्हटल्यावर कुठं टाकायचं तेही सांगता येईल. आजींनी घालून दिलेला नियम गावातही पाळायला हवा.

आषाढीसाठी यंदा चाळीस पाट्या करायच्या आहेत. एका पाटीला दिवसाला चार पाळ्या धरल्या तर माणसं किती लागतील त्याचा हिशोब तुम्हीच करा. ज्यांना चालवत नाही त्यांनी द्रोण लावावेत, ज्यांचं अक्षर चांगलं आहे त्यांनी ब्रश धरावा. शाळेतल्या पोरांना चित्रं काढायची फार हौस असते, त्यांना यात घ्या. आमच्यातले काही जण आता साठीला आले आहेत. पुढच्या वीस वर्षांत कुणीतरी पाळीला उभं राहायला हवं, नाहीतर आपल्या नातवंडांना वाळवंट फोटोत दाखवावं लागेल, आणि कीर्तनाला बसायला सिमेंट शोधावं लागेल.

उद्या काला झाला की मंडपाच्या उजव्या बाजूला, आचाऱ्यांच्या पालापाशी वही ठेवली आहे. प्रसाद घेऊन जाताना नाव आणि जमेल ती वेळ लिहून जा. लिहिता येत नसेल तर सांगा, आम्ही लिहून घेऊ.

रामकृष्ण हरी!