फवारणी, मण्यार आणि मेंदूविज्ञानाची मुलाखत

जून उजाडला की किनवट, हिमायतनगर, इस्लापूरकडच्या घरांत एकच हिशेब चालतो. नीटला किती पडले, सरकारी कॉलेज लागेल का, नाहीतर पुन्हा वर्षभर लातूरला शिकवणी. ज्या पोरापोरींना मेंदूचंच वेड आहे, त्यांना वाटतं एमबीबीएस हुकलं म्हणजे ते दार बंद झालं. तसं नाही. बी.एस्सी. करूनही मेंदूविज्ञानाकडे जाता येतं. हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे, बंगळुरूला निम्हान्स आणि भारतीय विज्ञान संस्था आहे, मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. गर्भात मेंदू कसा घडतो याचा शोध घेणाऱ्या टाटा संस्थेतल्या प्राध्यापक शुभा टोळे यांना 2014 साली इन्फोसिस पुरस्कार मिळाला. त्यांनीही एमबीबीएस केलेलं नाही. मुंबईच्या झेवियर्समधून विज्ञानाची पदवी घेऊन त्या अमेरिकेत कॅलटेकला गेल्या.

या संस्थांत पीएच.डी.च्या जागा मात्र मोजक्या, आणि अर्ज देशभरातून. लेखी परीक्षा नुसती चाळण लावते. निवड होते मुलाखतीत. आमच्याकडचं हुशार पोरगं अडखळतं ते तिथंच. समोर तीन-चार प्राध्यापक, बाजूला फळा. ते म्हणतात, तुझ्या आवडीचा विषय सांग. सांगितला की त्यातच खोल शिरतात आणि उत्तर येईनासं होईपर्यंत विचारत राहतात. पोराला वाटतं, संपलं आपलं. पण त्यांना बघायचं असतं ते त्यापुढचंच. माहीत नसलेल्या गोष्टीशी हा गडी कसा भिडतो, ते. चार पर्यायांतला एक निवडण्याची सवय तिथं कामाला येत नाही.

मग इस्लापूरच्या मुलानं आवडीचा विषय कोणता सांगावा? पुष्कळ जण अल्झायमर सांगतात. ऐकून ऐकून त्या मंडळींचे कान किटले असतील, असं आपलं माझं मत. मी म्हणेन, फवारणी सांग.

पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या पावसाळ्यात कपाशीवर औषध मारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. शरीरात काय झालं असेल? मज्जातंतूला स्नायूपर्यंत हुकूम पोचवायचा असतो तेव्हा त्याच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं. काम झालं की एक एंझाइम ते लगेच मोडून टाकतं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी कीटकनाशकं त्या एंझाइमलाच निकामी करतात. रसायन साचत जातं, हुकूम थांबतच नाही. म्हणून तोंडाला लाळ, अंगाला घाम, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, दंडा-पोटऱ्यांचं मांस फडफडतं, आणि शेवटी श्वासाचे स्नायूच दमून बसतात.

आता मण्यार घ्या. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, ना सूज ना फारसं दुखणं, आणि पहाटे पापण्या उचलत नाहीत. तिचं विष मज्जातंतूच्या टोकावरच घाव घालतं; रसायन सुटणंच बंद होतं. नागाचं तसं नाही. रसायन सुटतं, पण स्नायूवर ते जिथं जाऊन बसायचं ती जागा विषानं आधीच अडवलेली असते. म्हणून नाग चावलेल्याला डॉक्टर प्रतिविषासोबत निओस्टिग्मिन देतात. ते काय करतं? तेच एंझाइम अडवतं, जे फवारणीचं औषध अडवतं! शेतात ज्यानं जीव जातो, तीच क्रिया मोजून-मापून दवाखान्यात जीव वाचवायला वापरतात. मण्यारीच्या दंशात मात्र निओस्टिग्मिनचा फारसा उपयोग होत नाही. का होत नाही, हे मी सांगणार नाही. वरच्या चार वाक्यांतून ते काढता येतं, आणि मुलाखतीत अगदी असंच काहीतरी काढायला लावतात.

विंचवाचंही सांगतो. डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. कोकणात महाडकडे त्यांनी लाल विंचू चावलेल्या रुग्णांच्या बारीक नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध वापरून मृत्यू खाली आणले. ते काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्याच विंचवाच्या विषातून वेगळं काढलेलं आयबेरिओटॉक्सिन आज मेंदूच्या प्रयोगशाळांत मज्जापेशीतली पोटॅशियमची एक वाट बंद करून बघायला वापरतात. बांधावरच्या दगडाखालचा जीव!

इंग्रजीची धास्ती फार बाळगू नका. सोपी, छोटी वाक्यं पुरतात. त्यापेक्षा पदवीच्या काळात देशातल्या तीन विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती मिळते का ते बघा. प्रयोगशाळेचा वास अंगाला लागलेलं पोर मुलाखतीत वेगळं बोलतं.

आणि पैशाचं, कारण घरचे तेच आधी विचारतील. पीएच.डी.च्या कनिष्ठ संशोधकाला केंद्र सरकारच्या दरानं 2023 पासून महिना 37 हजार रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. टाटा संस्थेची लेखी परीक्षा साधारण डिसेंबरात असते, अर्ज दिवाळीच्या आगेमागे भरावे लागतात. नेमकी तेव्हाच कापूस वेचणी ऐन भरात. तर आईबापांना एवढीच विनंती, परीक्षेआधीचे चार आठवडे पोराला वेचणीतून मोकळं सोडा.